साखरेच्या रसातली बुळबुळ, सलाईनची बाटली आणि सोनिकेटर

जिवाणूंनी बनवलेल्या पॉलिसॅकराइडवरचा कुठलाही पेपर उघडा. 'साहित्य व पद्धती' या भागात बऱ्याचदा एक ओळ सापडते: रेणुभार कमी करण्यासाठी द्रावण अल्ट्रासाउंडने तोडून घेतलं. बस्स, एवढंच. ॲसिडची बाटली शेजारच्या रॅकवर असताना हे महागडं यंत्र का वापरलं, यावर एक शब्द नसतो. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा पीएचडीच्या मुलाखतीसाठी प्रपोजल लिहीत असाल, तर हा प्रश्न तुम्हाला विचारला जाऊ शकतो. "सगळे असंच करतात" हे उत्तर तिथे चालत नाही.

उत्तर नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. त्यासाठी मी एकच रेणू निवडलाय, डेक्स्ट्रान. जिवाणूंकडून मोठ्या प्रमाणावर तयार करून घेतलेल्या आणि थेट माणसाच्या शिरेत सोडलेल्या पहिल्या काही बायोपॉलिमरपैकी हा एक. गंमत म्हणजे त्याची पहिली ओळख नुकसान करणारा पदार्थ अशीच होती.

युरोपात एकोणिसाव्या शतकात बीटापासून साखर काढायचे कारखाने उभे राहिले, तेव्हा तिथे एक कटकट वारंवार व्हायची. रस मध्येच घट्ट, चिकट व्हायचा. गाळण्या तुंबायच्या. टाक्यांच्या कडांना बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखे गोळे चिकटायचे. पाश्चरने 1861 मध्ये दाखवलं की अशी बुळबुळ सूक्ष्मजीवांमुळे होते. 1874 मध्ये शाइबलर या जर्मन रसायनतज्ज्ञाने हा पदार्थ म्हणजे कर्बोदक असल्याचं सांगितलं. तो ध्रुवीय प्रकाश उजवीकडे वळवतो, म्हणून त्याला 'डेक्स्ट्रान' हे नाव दिलं. आणि 1878 मध्ये व्हान टीगेमने त्यामागच्या जिवाणूचं बारसं केलं: ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. हो, इडलीच्या पिठात हवा भरणारा तोच.

'उजवीकडे वळवतो' ही गोष्ट नुसती नावापुरती नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यात कुणी केमिस्ट ओळखीचे असतील तर त्यांना विचारा. तोडलेला ऊस गव्हाणीपर्यंत पोचायला दोन-तीन दिवस लागले, ऊन असलं, की हाच जिवाणू कांड्याच्या कापलेल्या टोकांतून आत शिरतो आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान करतो. साखरेचं प्रमाण पोलॅरिमीटरवर मोजतात. सुक्रोजचं विशिष्ट वलन +66.5 अंश, आणि डेक्स्ट्रानचं साधारण त्याच्या तिप्पट. म्हणजे साखर प्रत्यक्षात कमी झालेली असते, पण यंत्रावरचा आकडा मात्र फुगलेला दिसतो. मग स्फटिक नीट वाढत नाहीत, लांबट होतात, आणि उतारा पडला की सगळे एकमेकांकडे बघत बसतात. ऊस तोडल्यावर लवकर गाळा, असा आग्रह धरण्यामागे जी कारणं आहेत, त्यातलं हे एक.

जिवाणू हे करतो कसं? याचं उत्तर सत्तरेक वर्षांनी मिळालं. 1941 मध्ये अमेरिकेत एडवर्ड हेरे यांनी जिवाणूच्या पेशी गाळून काढल्या आणि उरलेल्या पेशीविरहित द्रवात साखर घातली. तरीही डेक्स्ट्रान तयार झालं! म्हणजे काम पेशीबाहेर सोडलेल्या एन्झाइमचं होतं. या एन्झाइमला पुढे डेक्स्ट्रानसुक्रेज म्हणू लागले. ते सुक्रोज तोडतं, ग्लुकोज साखळीला जोडतं आणि फ्रुक्टोज सोडून देतं. एटीपी वगैरे काही लागत नाही, कारण सुक्रोजमधल्या बंधातच पुरेशी ऊर्जा असते. परीक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा लक्षात ठेवा. पॉलिसॅकराइड बनवायला 'सक्रिय' न्यूक्लिओटाइड साखर लागतेच असं नाही.

पण या एन्झाइमला थांबायचं भान नसतं. साखर आहे तोवर साखळी वाढते. नैसर्गिक डेक्स्ट्रानचा रेणुभार काही लाखांपासून कोटींच्या घरात जातो. इथून पुढची सगळी कथा या लांबीभोवती फिरते.

रक्तस्राव आणि लांबीचा प्रश्न

जखमी माणसाचं रक्त वाहून गेलं की तातडीची अडचण ऑक्सिजनपेक्षाही आधी दाबाची असते. नळ्यांत पुरेसा द्रवच राहत नाही. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते थोड्या वेळात ऊतींमध्ये झिरपून जातं. पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवायला एखादा मोठा रेणू हवा. पहिल्या महायुद्धात बेलिस या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने त्यासाठी चक्क बाभूळवर्गातल्या झाडाचा डिंक वापरला होता, मिठाच्या पाण्यात विरघळवून. काम व्हायचं, पण तो डिंक यकृतात साठून राहायचा.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता. उप्साला विद्यापीठात टिसेलियस यांच्या प्रयोगशाळेत ब्योर्न इंगेलमन बीटाच्या रसातल्या मोठ्या रेणूंवर काम करत होते, आणि त्यात हे डेक्स्ट्रान भेटलं. अँडर्स ग्रोनवाल हे वैद्यकातले सहकारी. दोघांच्या लक्षात आलं की हा रेणू प्लाझ्माच्या जागी वापरून पाहता येईल. 1944-45 मध्ये त्यांचे शोधनिबंध आले आणि 1947 मध्ये फार्मासिया कंपनीने 'मॅक्रोडेक्स' नावाने ते बाजारात आणलं.

मला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढची वाटते. कारखान्यातून आलेलं डेक्स्ट्रान जसंच्या तसं देता येत नव्हतं. रेणू फार मोठा असला की द्रावण दाट होतं, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून चवडी रचतात, आणि शरीर त्याला परका समजून प्रतिपिंडं तयार करू शकतं. रेणू फार छोटा असला तर मूत्रपिंड त्याला लगेच बाहेर काढतं. ही सीमा साधारण 50,000 रेणुभाराच्या आसपास येते. म्हणून सरासरी 70,000 च्या जवळपासचं डेक्स्ट्रान हवं होतं. ग्लुकोजच्या एककाचा भार 162 धरला तर सुमारे 430 एककांची साखळी. जिवाणू देत होता हजारो, कधी पन्नास-साठ हजार एककांची.

म्हणजे प्रश्न 'कसं बनवायचं' हा राहिलाच नव्हता. प्रश्न होता, कसं तोडायचं, आणि तेही नेमक्या मापाला.

स्वीडनने उत्तर शोधलं ते साधं होतं. गरम, विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये साखळी तोडायची, चिकटपणा हवा तेवढा उतरला की अल्कलीने थांबवायचं, मग अल्कोहोल थोडं थोडं वाढवत लांब तुकडे आधी आणि आखूड नंतर खाली बसवायचे. मधला गाळा ठेवायचा, दोन्ही टोकं बाजूला. ॲसिड साखळीत कुठेही घाव घालतं. टोकाला, मध्ये, कुठेही. त्यामुळे तुकडे सगळ्या मापांचे पडतात आणि बराच माल मापात न बसणारा निघतो.

1950 मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. अनेक रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून वापरताना काविळीचा संसर्ग पसरतो हे तोवर कळलं होतं. अमेरिकेला पर्याय तातडीने हवा होता. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी कृषी खात्याची मोठी प्रयोगशाळा होती (पेनिसिलिनचं उत्पादन वाढवण्यातही तिचा मोठा वाटा). तिथे ॲलीन जीन्स या डेक्स्ट्रानवर आधीपासून काम करत होत्या. रूट बीअर नावाच्या गोड पेयाची एक खराब झालेली, आत चिकट तार धरलेली बाटली त्यांच्याकडे आली, आणि तिच्यातून मिळाला एनआरआरएल बी-512 हा स्ट्रेन. याचं डेक्स्ट्रान जवळजवळ सरळ साखळीचं असतं. सुमारे 95 टक्के बंध अल्फा-1,6. आजही औद्योगिक डेक्स्ट्रान म्हटलं की हाच वंश. 1954 मध्ये जीन्स आणि सहकाऱ्यांनी 96 स्ट्रेन्सच्या डेक्स्ट्रानची तुलना छापली. तो पेपर जरूर वाचा. कंटाळवाणा आहे, पण तुलना कशी मांडायची हे त्यातून कळतं.

आवाजाने रेणू तुटतो?

आता दुसरा धागा. 1927 मध्ये रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस यांनी न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधल्या लूमिसच्या खासगी प्रयोगशाळेत तीव्र अल्ट्रासाउंडचे प्रयोग केले. पाणबुड्या शोधण्यासाठी पहिल्या महायुद्धात लांझव्हँने जे क्वार्ट्झचे कंपक वापरले, त्याच कल्पनेतून ही यंत्रं आली होती. वुड आणि लूमिस यांना दिसलं की या लहरींनी पेशी फुटतात, छोटे मासे मरतात. मग लोकांनी हाताला येईल ते या यंत्रासमोर ठेवायला सुरुवात केली. 1933 मध्ये सालाय या हंगेरियन शास्त्रज्ञाने स्टार्च, डिंक, जिलेटिन यांची द्रावणं ठेवली. त्यांचा चिकटपणा उतरला. 1937 मध्ये, पुन्हा त्याच उप्सालात, ब्रोहुल्ट यांनी गोगलगाईच्या रक्तातलं हिमोसायनिन अल्ट्रासाउंडने फोडलं आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये पाहिलं, तर तुकडे वाटेल तसे नव्हते, ठरावीक अंशांचे होते.

1939 च्या सुमारास जर्मनीत श्मिड आणि रोमेल यांनी पॉलिस्टायरीनसारख्या कृत्रिम पॉलिमरवर पद्धतशीर काम केलं. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. रेणुभार आधी भराभर उतरतो, मग मंदावतो, आणि एका मर्यादेखाली जातच नाही. कितीही वेळ ठेवा. ॲसिडमध्ये असं होत नाही. ॲसिडला वेळ द्या, ते ग्लुकोजपर्यंत जाईल.

हे का होतं, इथे क्षणभर थांबून हिशोब करूया, कारण मुलाखतीत इथेच गाडी अडते. 20 किलोहर्ट्झची लहर पाण्यात साधारण 7.5 सेंटिमीटर लांब असते. डेक्स्ट्रानची कोटीभर रेणुभाराची साखळी अगदी ताणून सरळ केली, तरी फार तर काही दहा मायक्रोमीटर भरेल. म्हणजे लहरीच्या तुलनेत रेणू म्हणजे काहीच नाही. संपूर्ण रेणू एकाच दाबात एकाच वेळी हेलकावतो. लहर त्याला पकडून तोडेल कशी?

उत्तर लहरीत नाही, बुडबुड्यात आहे. दाब उतरतो तेव्हा द्रवात विरघळलेल्या वायूचे सूक्ष्म बुडबुडे फुगतात, दाब चढला की ते प्रचंड वेगाने मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांचे पंखे यामुळे कुचकामी होतात, हे 1890 च्या दशकात ब्रिटिश आरमाराला कळलं होतं, आणि रेले यांनी मिटणाऱ्या पोकळीचं गणित 1917 मध्ये मांडलं होतं. बुडबुडा मिटताना आजूबाजूचं द्रावण आत धावतं. जवळचं वेगात, लांबचं हळू. या वेगांच्या फरकात लांब साखळी सापडली की तिची दोन टोकं वेगवेगळ्या वेगाने ओढली जातात. ताण सर्वांत जास्त कुठे येईल? मधोमध. रस्सीखेच आठवा, दोन्हीकडच्या सगळ्यांचा जोर जिथे एकत्र येतो ती जागा. म्हणून साखळी मध्याजवळ तुटते. आणि अर्धी झालेली साखळी पूर्वीइतका ताण गोळा करू शकत नाही. शेवटी इतकी आखूड होते की ओढ बंधापेक्षा कमी पडते. श्मिड यांना दिसलेली ती मर्यादा ही अशी.

पण हे सगळं बुडबुड्यामुळेच होतं याला पुरावा काय? 1950 मध्ये वाइसलर यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही करता येईल इतका साधा आहे. त्यांनी द्रावणातला विरघळलेला वायू काढून टाकला आणि तीच लहर, तेवढाच वेळ दिली. वायू नाही, तर बुडबुडे नाहीत. आणि रेणू तुटला नाही. पुढे नुसतं गृहीतक घोळवत बसायची गरजच उरली नाही.

मग डेक्स्ट्रानसाठी हेच का वापरलं नाही?

आता दोन्ही धागे एकत्र आणा. 1950 च्या आसपास एकीकडे जगाला मापातलं डेक्स्ट्रान हवंय आणि ॲसिड वेडेवाकडे तुकडे देतंय. दुसरीकडे एक पद्धत आहे जी साखळी मध्याजवळ तोडते आणि आपोआप थांबते. कागदावरचा हिशोब तर मोहात पाडणारा आहे: एक कोटीचा रेणू सात वेळा निम्मा केला की 78,000 उरतो, म्हणजे जवळजवळ हवा तोच आकडा! साहजिकच लोकांनी करून पाहिलं. ब्रिटनमध्ये लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये, पिओरियात वॉटसन आणि वोल्फ यांनी 1955 मध्ये डेक्स्ट्रानच्या अल्ट्रासाउंडने होणाऱ्या विघटनावर काम छापलं. डेक्स्ट्रान तुटलं. तरी कारखान्यात टिकलं ते ॲसिडच.

याचं एकच कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे हा माझा अंदाज समजा. पहिलं म्हणजे, पहिली दोन-तीन निम्मं होणं पटकन उरकतं, शेवटची दोन मात्र ऊर्जा खात बसतात, आणि ती ऊर्जा बहुतेक पाणी तापवण्यात जाते. दुसरं, त्या काळचे क्वार्ट्झ कंपक छोट्या भांड्यांसाठी ठीक होते, हजारो लिटरच्या टाकीसाठी नाही. तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डेक्स्ट्रानमध्ये ॲसिडने बिघडण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. सगळी ग्लुकोज. ॲसिडने तोडलेला तुकडा हाही छोटा डेक्स्ट्रानच. मापाबाहेरचं अल्कोहोलने वेगळं करता येत होतं. मग ॲसिड का सोडायचं? पिओरियात तर तिसरी वाटही तपासली गेली, एन्झाइमच्या अभिक्रियेत साखरेचं प्रमाण बदलून किंवा आखूड साखळ्या आधीच घालून मुळातच लहान रेणू मिळवायचे.

डेक्स्ट्रानने पुढे प्रयोगशाळेतही शिरकाव केला. 1959 मध्ये पोराथ आणि फ्लोदिन यांनी उप्सालातून जेल फिल्ट्रेशन जाहीर केलं. त्यातलं सेफाडेक्स म्हणजे आडव्या बंधांनी जोडलेलं डेक्स्ट्रान. आणि 1970 च्या दशकात बासेडो आणि एबर्ट यांनी अल्ट्रासाउंडने तुटणाऱ्या डेक्स्ट्रानची रेणुभार-विभागणी बारकाईने मोजली. अशा मोजमापांचे स्तंभ ज्या प्रमाणित नमुन्यांवर जुळवतात, ते सहसा ॲसिडने तोडून वेगळे केलेले डेक्स्ट्रानच असतात. जिंकलेल्या पद्धतीच्या फूटपट्टीने हरलेल्या पद्धतीची मोजणी, असं काहीसं.

हरलेल्या? थांबा. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीरसन यांचा गट जिवाणूंच्या कवचातली पॉलिसॅकराइडं प्रथिनांना जोडून लहान मुलांसाठी लशी बनवत होता. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या पॉलिसॅकराइडला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून ही जोडणी. तिथेही तीच अडचण. साखळी फार लांब, द्रावण दाट, जोडणी अवघड. तोडायला हवी. पण ही कवचं डेक्स्ट्रानसारखी सरळसोट नसतात. कुठे ॲसिटाइल गट लटकलेला, कुठे फॉस्फेटचा बंध, कुठे सियालिक ॲसिड. अनेकदा प्रतिपिंडं ओळखतात ती याच नक्षीला. ॲसिड घातलं की लांबीबरोबर नक्षीही जाऊ शकते. तुकडे मिळतील, पण लस म्हणून निकामी.

1986 मध्ये याच गटातून एस. सी. झू आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंच्या वेगवेगळ्या पॉलिसॅकराइडवर अल्ट्रासाउंड वापरून दाखवलं की साखळी आखूड होते, सुमारे 50,000 च्या आसपास येऊन थांबते, आणि एककांची रचना शाबूत राहते. डेक्स्ट्रानच्या वेळी जी गोष्ट फारशी कुणाला नको होती, तीच इथे हवी होती.

तुमच्या प्रपोजलमध्ये ती एक ओळ लिहिणार असाल, तर आधी तुमच्या पॉलिमरची रचना कागदावर काढा आणि ॲसिडने त्यातलं काय काय जाईल त्यावर खूण करा. काहीच जात नसेल, तर परीक्षक ॲसिडबद्दल विचारतील आणि ते बरोबर असतील. खुणा झाल्या, तर अल्ट्रासाउंडचं कारण तुम्हाला मिळालं. मग त्याच्याबरोबर येणारी कटकटही लिहा. बुडबुड्याच्या आत पाणी तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते साखळीवर रासायनिक हल्ला करतात. शेकडो किलोहर्ट्झला हे जास्त, 20 किलोहर्ट्झच्या आसपास ओढाताणीचा भाग जास्त. प्रोबच्या टोकाचं टायटॅनियम झिजून नमुन्यात उतरतं, इंजेक्शनच्या कामात ते गाळावंच लागतं. नमुना बर्फात ठेवा. आणि कृपा करून "40 टक्के ॲम्प्लिट्यूड, 10 मिनिटं" एवढंच लिहू नका. तुमच्या यंत्राचे 40 टक्के आणि माझ्या यंत्राचे 40 टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तेवढ्याच पाण्यात थर्मामीटर ठेवून ते मिनिटाला किती अंश तापतं ते मोजा, त्यावरून प्रत्यक्ष किती वॅट द्रवात उतरले ते काढा, आणि तो आकडा द्या. आकारमान, तापमान, भांड्याचा आकार आणि द्रावणातला वायू काढला होता की नाही, हेही. वाइसलर यांच्या प्रयोगानंतर ही शेवटची गोष्ट न लिहिण्याला सबब उरलेली नाही.